बिनखुणेचं कोकरू

तुमचा उजवा कान चिमटीत धरा. हो, आत्ताच. वाचता वाचता एक हात मोकळा असतोच. वरची कड जाडसर लागते आणि खालची पाळी मऊ, बरोबर? आता अशी कल्पना करा, की तुम्ही महिनाभराचं कोकरू आहात. तुमचे कान लांब आहेत आणि चालताना ते गालांवर आपटतात. माळावर तुमच्याबरोबर चारपाचशे मेंढरं चरताहेत. बहुतेकांचा रंग काळा, ओरडणं सगळ्यांचं सारखं. संध्याकाळी तुमच्या धन्यानं तुम्हाला ओळखायचं कसं?

तो तुमचा कान हातात घेतो आणि कडेवरून बोट फिरवतो. तिथं एखादी लहानशी खाच लागते. तुम्ही अगदी लहान असताना ती पाडलेली असते. टोकाला चीर असली तर तुम्ही एका घरचे, खालच्या कडेला एक खाच असली तर दुसऱ्या घरचे, मधोमध भोक असलं तर तिसऱ्या. दिवस मावळल्यावर डोळ्यांना दिसेनासं होतं, पण बोटांना कळतं.

ज्ञानूला या खुणांची सगळी विद्या येत होती. तिच्या वर्गात इतर कुणालाही ती येत नव्हती, आणि बाईंनासुद्धा येत नव्हती.

ज्ञानू म्हणजे ज्ञानेश्वरी. पाचवीतली. तिचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होते. आठवड्याला पाळी बदलायची, त्यामुळे कधी ते दिवसा झोपलेले असत, तर कधी संध्याकाळी डबा घेऊन निघालेले. ज्ञानूला सगळ्यात जास्त वेळ द्यायचे ते तिचे आजोबा, मुंजाबा. ती त्यांना आबा म्हणायची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आबांची मेंढरं पिशोरच्या माळावर चरत होती. मग गुडघ्यांनी दगा दिला. मेंढरामागं दिवसाला सहा कोस चालावं लागतं, आणि आबांना अंगणही ओलांडवेना. मेंढरं भावकीत देऊन टाकून ते शहरात आले. येताना आणलं काय, तर एक घोंगडी, एक काठी आणि कानांच्या खुणा. त्या खुणा त्यांनी नातीला शिकवल्या, कागदाचे कान कापून.

"ही कुणाची?" आबा विचारायचे.

"टोक उडवलंय. रामप्रसादकाकांच्या घरची."

"आन् ही?"

"वरच्या कडेला दोन खाचा. आपली."

"आन् ह्या कानाला काहीच नाय. मग?"

"बिनखुणेचं. ज्याला सापडलं त्याचं."

"व्हय. म्हणून खूण वेळेवर करावी," आबा म्हणायचे. "नायतर आपलं पिल्लू दुसऱ्याच्या कळपात जातं, आन् मग कितीबी हाका मारा."

आता एका भिंतीबद्दल सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं.

छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक दुमजली इमारत आहे. दारावर दगडात कोरलेलं नाव आहे, 'मेंढपाळ बंधू सभा'. नात्यात नसलेल्या माणसांनी आपण एकमेकांचे भाऊ व्हायचं असं ठरवून ही सभा काढली. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचं पोर शिकायला शहरात आलं, कुणी रानात एकटा पडला, की सभेतले भाऊ धावून जायचे. नवा सभासद पहिल्या दिवशी मूठभर लोकर आणतो आणि दाराच्या आत ठेवलेल्या तांब्याच्या हंड्यात टाकतो. हल्ली बऱ्याच जणांकडे मेंढरं नाहीत. ते कुणाकडून तरी मागून आणतात, पण मूठ रिकामी आणत नाहीत.

आणि दाराच्या उजव्या हाताला भिंतीवर उठावाचं शिल्प आहे. उठावाचं म्हणजे भिंतीतून अर्धंच बाहेर आलेलं. पाठ भिंतीत राहिली आहे आणि पोट आपल्याकडे आलं आहे, जणू ती जनावरं भिंतीच्या पलीकडून इकडे निघाली आहेत आणि अजून पुरती पोचलेली नाहीत. डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला एक माणूस, त्याच्यामागं सात मेंढ्या, आणि सगळ्यांच्या पुढं, माणसाच्याही पुढं, एक कोकरू. सात मेंढ्यांच्या कानांवर सात घरांच्या सात खुणा. सिमेंटचंच काम, पण लोकरीवर हात ठेवला तर हाताला ऊब लागेल असं वाटावं.

हे शिल्प केलं ते हनुमान मिस्त्रींच्या वडिलांनी, पन्नासेक वर्षांपूर्वी. आता ते राहिले नाहीत. शिल्पही थकलं होतं. पोपडे निघाले होते, दोन मेंढ्यांची नाकं झिजली होती. कोकराचा कान तर पार तुटून गेला होता, कारण तो बाहेर आलेला होता आणि फ्लेक्सची दोरी बांधायला सोयीचा होता. वाढदिवस, निवडणूक, अभिनंदन, सगळ्यांचा भार त्या एका कानानं किती वर्षं सोसला. मग एके दिवशी वाऱ्यानं फ्लेक्स नेला आणि फ्लेक्सनं कान नेला.

सभेच्या वर्धापनदिनाआधी भिंतीचं काहीतरी करायला हवं होतं. गोकुळ नावाचा एक तरुण सभासद म्हणाला, वरून चकचकीत शीट मारू, त्यावर मेंढरांचा रंगीत फोटो छापू, रस्त्यावरून झकास दिसेल. निम्म्या लोकांना ते पटलं. तेव्हा हनुमान मिस्त्री स्वतः बैठकीत आले. दारातच चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या बापाच्या हातची भिंत हाय. एक डाव मला दुरुस्त करू द्या. नाय आवडली तर झाका."

अध्यक्ष रामप्रसाद यांनी हात वर करायला सांगितलं. मिस्त्रींच्या बाजूनं एक हात जास्त पडला. तो हात मुंजाबांचा होता.

तर असं होतं बघा. मिस्त्रींनी काम नीट केलं तर त्यांच्या वडिलांची मेंढरं उघड्यावर राहणार होती. नाही केलं, तर कायमची शीटखाली जाणार होती.

काम सुरू झालं. मिस्त्री पंचावन्नच्या घरातले. नाव हनुमान, पण परांचीवर चढताना प्रत्येक फळीला "अरे देवा" म्हणायचे. परांची म्हणजे बांबूंवर फळ्या टाकून केलेला उभं राहायचा माळा. इथली अगदी बुटकी, रामप्रसादकाकांच्या खांद्याइतकीच होती. त्यामुळे शाळा सुटल्यावर ज्ञानूला वर चढायची परवानगी होती. आबा खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, मिस्त्री वर काम करायचे आणि दोघं दिवसभर एकमेकांना बोलत राहायचे.

"मिस्त्री, त्या मेंढीचं नाक लई फताडं केलंस. ही मेंढी हाय का म्हैस?"

"मुंजाबा, मेंढी दमलीय. सहा कोस चाल म्हणावं तुझ्या नाकाला, ते बी फताडं व्हईल."

"माझं हायेच."

ज्ञानू खुदकन हसायची. ती गाळलेली वाळू पाटीत भरून द्यायची, सिमेंट लावायची लहान करणी धुऊन ठेवायची. मिस्त्री तिला शिकवायचे. सिमेंट किती घट्ट हवं, तर उकडीच्या गोळ्याइतकं. लोकरीची वळणं कशी काढायची, तर बोटाच्या पेरानं, आतून बाहेर. आणि एक गोष्ट ते रोज सांगायचे, "सिमेंट कुणाची वाट बघत नाय. जे करायचं ते वलं हाय तोवर."

शनिवारी सकाळची शाळा होती. दुपारी ज्ञानू आली तेव्हा मिस्त्रींनी कोकराच्या कानाला हात घातला होता. आधी तारेचा सांगाडा भिंतीत रोवला. त्यावर सिमेंटचे थर चढवले. चार वाजेपर्यंत कान तयार झाला. लांब, लोंबता, कडेला किंचित वळलेला. हवा आली की हलेल असा. मिस्त्री दोन पावलं मागं सरकले आणि काहीच बोलले नाहीत.

"बरा जमलाय," खालून आबा म्हणाले. आबांची नजर अधू होती. त्यांना कान दिसला तो पुसटच, पण मिस्त्री गप्प झाले म्हणजे काम जमलं, हे त्यांना ठाऊक होतं.

"चल, चहा घेऊ," मिस्त्री म्हणाले. उतरताना ज्ञानूला म्हणाले, "कानाला हात लावू नको गं. वला हाय."

दोघं दोस्त रस्ता ओलांडून टपरीवर गेले.

ज्ञानू कोकरासमोर बसली. तिनं सवयीनं सगळे कान वाचायला सुरुवात केली. चीर. भोक. टोक उडवलेलं. खालची खाच. मेंढ्यांत सगळ्यात पुढं, कोकराला सगळ्यात जवळ जी मेंढी चालत होती तिच्या कानाला वरच्या कडेला दोन खाचा. आपली. मग ज्ञानूची नजर कोकराच्या कानावर आली.

कानाला काहीच नव्हतं. कड गुळगुळीत होती.

मिस्त्री विसरले होते. विसरणारच, ते काही धनगर नव्हते. ते दगडातले आणि सिमेंटातले माणूस, त्यांना खुणांचं काय ठाऊक. पण हे कोकरू आपल्या मेंढीच्या पुढं चालतंय, म्हणजे तिचंच आहे, हे कुणीही सांगेल. आणि वर्धापनदिनाला सगळी घरं येणार. बिनखुणेचं, ज्याला सापडलं त्याचं. आबांची मेंढरं तर सगळी गेलीच होती. हे एक तरी.

तिनं टपरीकडे पाहिलं. मिस्त्री बशीत चहा ओतत होते. हाक मारावी असं तिला वाटलं. मग वाटलं, तोवर वाळलं तर? सिमेंट कुणाची वाट बघत नाही.

दप्तर खालीच होतं. तिनं कंपासपेटीतली लोखंडी पट्टी आणली. डाव्या हाताचा अंगठा कानाच्या मागं टेकवून कान सांभाळला आणि वरच्या कडेला पट्टीच्या कोपऱ्यानं दोन खाचा पाडल्या. एक, आणि एक बोट सोडून दुसरी. आबांनी शिकवल्या तशाच, आत निमुळत्या. सुटलेलं सिमेंट तिनं फुंकून टाकलं.

सांगायचं का? तिनं ठरवलं, आत्ता नाही. कान वाळला की आबांचा हात धरून वर न्यायचा आणि त्यावर ठेवायचा. त्यांचं बोट कडेवरून फिरेल, खाचांपाशी थांबेल, आणि मग ते काय म्हणतील? या विचारानं तिला रात्री उशिरापर्यंत हसू येत होतं.

रविवारी सकाळी सभेची बैठक होती. ज्ञानू आबांबरोबर आली तेव्हा आत कुणीच बसलं नव्हतं. दहाबारा माणसं बाहेर भिंतीपाशी उभी होती. गोकुळ परांचीवर चढला होता आणि त्याचं बोट कोकराच्या कानावर होतं.

"मिस्त्री, हे काय?" तो म्हणत होता. "वरच्या कडेला दोन खाचा. ही कुणाच्या घरची खूण हाय, ते मी सांगायची गरज नाय."

सगळे आबांकडे वळले. आबांना काय झालंय ते कळेना.

"रोज चार वाजता चहा कुणासंगं व्हतो, तेबी सगळे बघू राह्यले," गोकुळ म्हणाला. "एका हातानं काम मिळालं, त्या हाताची परतफेड केली. आता ही भिंत एकट्या मुंजाबाकाकाच्या घरची झाली म्हणा की."

"गोकुळ, जरा दमानं," रामप्रसाद म्हणाले. पण त्यांचाही चेहरा उतरला होता. "मिस्त्री, तुम्ही वर जा. बघा आन् सांगा."

मिस्त्री एकेक फळी चढून वर आले. आज ते "अरे देवा" म्हणाले नाहीत. त्यांनी कान हातात घेतला. कडेवरून बोट फिरवलं, मग कानाच्या मागं. तिथं त्यांचा हात थांबला. सिमेंटमध्ये एक लहानसा खळगा होता, चिंचोक्याएवढा. तो अंगठ्याचा ठसा कुणा मोठ्या माणसाचा असणं शक्यच नव्हतं.

मिस्त्रींनी खाली पाहिलं. ज्ञानूकडे पाहिलं, पापणी लवेपर्यंतच. आणि त्या खळग्यावर आपला तळहात ठेवून ते म्हणाले, "माझीच चूक. हात घसरला."

"हात घसरून दोन खाचा?" गोकुळ म्हणाला. "त्याबी एका मापाच्या? माझा हात असा घसरला असता तर मी सोनार झालो असतो."

दोघंतिघं हसले.

"खरं सांगा," रामप्रसाद म्हणाले. "मुंजाबाकाकांनी सांगितलं का?"

"त्यांचं नाव घेऊ नका. त्यांना ठावं बी नाय."

आबा खुर्चीची पाठ धरून उभे होते. आपल्या दोस्तानं आपल्यासाठी ही गोष्ट केली, असं त्यांना वाटलं. रागवावं की गळ्यात पडावं ते त्यांना सुचेना, आणि ते गप्प राहिले. त्यांचं गप्प राहणं लोकांना कबुलीसारखं दिसलं.

 मिस्त्री खोटं का बोलले ते ज्ञानूला कळलं. पण लोक इतके का चिडले ते कळलं नाही. दाराच्या पायरीवर चतुराबाई बसल्या होत्या, सभेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. ज्ञानू त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आज्जे, एका कोकराला खूण केली तर एवढं काय झालं?"

चतुराबाईंनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. "तुला कुणी सांगितलं नाय? ते कोकरू बिनखुणेचं कामून हाय ते?"

"मिस्त्री विसरले ना?"

"विसरले?" चतुराबाई म्हणाल्या, आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अरे, ह्या पोरीला कुणीच सांगितलं नाय? गोकुळ, तुला तरी ठावं हाय का?"

"जुनी रीत असंल," गोकुळ म्हणाला. "बाप म्हणायचा, त्या कानाला हात लावायचा नाय. कामून, ते मी नाय इचारलं."

खरं तर गोष्ट मोठ्यांना इतकी पाठ होती, की लहानांना सांगायची राहूनच गेली होती. घराघरांत असं होतं.

"बस खाली," चतुराबाई म्हणाल्या. ज्ञानू बसली. गोकुळही परांचीच्या कडेला पाय सोडून बसला.

"बहात्तर सालचं सांगते. माळावर काडी नव्हती. आमची सात घरं, सात वाटांनी निघालेली, आन् पाण्याच्या वासानं एकाच ओढ्यावर येऊन पडली. तवर आम्ही एकमेकांची तोंडंबी बघत नव्हतो. तुझं मेंढरू माझ्या कळपात कसं, यावरनं काठ्या निघायच्या. त्या साली मेंढ्या पटापटा मेल्या. पिल्लं राहिली, आया गेल्या. कुठं आई राहिली, पिल्लू गेलं. मग काय केलं, की ज्या मेंढीला दूध हाय तिच्याखाली जे भुकेलं असंल ते पिल्लू सोडायचं. ह्याचं का त्याचं, बघायचं नाय. दोन महिन्यांत कोण कुणाचं ते आम्हालाबी कळंना."

"मग खूण कशी केली?" ज्ञानूनं विचारलं.

"केलीच नाय. त्या साली एकाबी पिल्लाचा कान कापला नाय. सातही घरांनी ठरवलं, ही पिल्लं सगळ्यांची. त्यांच्यापायीच तर आपण भाऊ झालो. पुढं ही सभा निघाली, ही इमारत झाली, तवा ते कोकरू सगळ्यांच्या पुढं लावलं." त्यांनी मान वर करून मिस्त्रींकडे पाहिलं. "आन् ह्याचा बाप तिथंच खडी फोडायच्या कामावर व्हता. बायको वारलेली, काखंत हे एवढंसं पोर. रडायचं, रडायचं. मग मीच पेल्यात मेंढीचं दूध काढून द्यायची. कोकरं पीत व्हती, तसा हाबी प्यायचा."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे होते.

ज्ञानू पायरीवर तशीच बसली. आपण काय केलं ते आता तिला नीट कळलं. तिनं सगळ्यांचं कोकरू एकट्याचं केलं होतं.

गोकुळ उठला. त्याचा आवाज आता मघासारखा चढा नव्हता, पण तो मागं हटला नाही. "चतुराआज्जी, तू म्हणती तेच मी म्हणू राह्यलो. हे सगळं मिस्त्रीला ठावं असून त्यानं खूण केली. मग विश्वास कसा ठेवायचा? काम थांबवा. शीट मारा. ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा."

मिस्त्रींनी कुणाच्या हाताकडे पाहिलं नाही. ते खाली वाकले, करणी बादलीत बुडवून धुऊ लागले. रोज ते काम ज्ञानूचं असायचं. धुतलेली करणी त्यांनी गोणपाटावर ठेवली, तिच्या शेजारी दुसरी, मग थापी. मग जाता जाता त्यांनी एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या लोकरीची वळणं त्यांच्या वडिलांच्या बोटांची होती.

एक हात वर झाला. दुसरा. पाच, सहा. रामप्रसाद मोजत होते. सातवा हात खूप खाली होता, पायरीपाशी, माणसांच्या कमरेइतक्या उंचीवर, म्हणून तो त्यांना उशिरा दिसला.

"तुझं मत नाय धरत गं बाळा," ते म्हणाले.

"मत नाय," ज्ञानू म्हणाली. तिचा हात वरच होता. "खाचा मी पाडल्या."

 मग मिस्त्री म्हणाले, "पोर लहान हाय. माझी दया आली तिला. सोडा."

"पट्टीनं पाडल्या. मिस्त्रीबाबा चहाला गेले होते. मागं माझा अंगठा हाय, लावून दाखवते."

ती परांचीवर चढली. मिस्त्रींनी तिला अडवलं नाही, पण त्यांची मान खाली होती. ज्ञानूनं डावा हात कोकराच्या कानामागं घातला. अंगठा खळग्यात बसला, जशी बी शेंगेत बसते. तिला ते इतरांच्या आधी कळलं, आणि आता तिला रडू आलं.

"कामून केलंस गं?" आबांनी खालून विचारलं. 

"आपली मेंढी त्याच्या मागंच चालते. मला वाटलं, तिचंच हाय. खूण नसती तर कुणीपण नेलं असतं. मला वाटलं, तुमचं एक तरी राहील."

  वर झालेले हात कधी खाली आले ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बरोबरच केलं की पोरीनं," चतुराबाई म्हणाल्या. "बिनखुणेचं पिल्लू दिसलं तर खूण कर, हेच शिकवलं आपण तिला. अर्धं शिकवलं. उरलेलं अर्धं आपल्याच पोटात ठेवलं. आता कुणावर शीट मारता?"

गोकुळनं पुन्हा कानाजवळ जाऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पट्टीनं पाडल्यात," तो म्हणाला, "तरी माप कसं बरोबर आलंय बघा. माझ्या बापाला कात्रीनंबी जमत नव्हतं." मग तो मिस्त्रींकडे वळला.  त्यानं गोणपाटावरची करणी उचलून मिस्त्रींच्या हातात दिली. "वर्धापनदिनाला आठ दिवस राह्यलेत," तो म्हणाला. "व्हईल ना?"

"व्हईल," मिस्त्री म्हणाले.

रामप्रसादांनी सगळ्यांना आत बोलावलं, पण आबा गेले नाहीत. ज्ञानू उतरली तेव्हा ते तिची वाट पाहत होते. त्यांनी तिचा कान धरला. आता पिळणार, असं वाटून तिनं डोळे मिटले. पण आबांनी पिळला नाही. नुसता बोटांत धरून ठेवला.

"त्या साली मी बावीस वर्षांचा व्हतो," ते म्हणाले. "लई भूक व्हती. ते सांगायला नको वाटतं, म्हणून राह्यलं. आज सांगतो. घरी चल, सगळं सांगतो."

"आधी इकडं या, बाईसाहेब," वरून मिस्त्री म्हणाले. त्यांनी लहान करणी पुढं केली. "खाचा जिनं पाडल्या तिनंच बुजवायच्या. मी फक्त बघणार."

ज्ञानू पुन्हा वर गेली. मिस्त्रींनी सांगितलं तसं तिनं खाचांच्या आतलं खिळ्यानं खरवडलं, ब्रशनं साफ केलं, सिमेंटचं पाणी लावलं. मग गोळा भरला आणि कडेवरून ओलं बोट फिरवलं. पहिल्यांदा उंचवटा राहिला. दुसऱ्यांदा खळगा पडला. मिस्त्री फक्त बघत राहिले. पाचव्यांदा कड सरळ आली.

"आता?" तिनं विचारलं.

"आता पाणी. सिमेंट वाळवायचं नसतं, पाजायचं असतं. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. नायतर भेगाळतं. मागचा ठसा?" त्यांनी कानामागं पाहिलं. "तो राहू दे. तो कुणाला दिसत नाय."

सोमवारी सकाळी साडेसहाला ज्ञानू शाळेच्या गणवेशात सभेच्या दाराशी होती. आबा काठी टेकत मागोमाग आले आणि त्यांनी परांचीचा बांबू धरला. मिस्त्री अजून यायचे होते. ज्ञानू वर चढली, बाटलीचं झाकण काढलं आणि कोकराच्या कानावर हळूहळू पाणी सोडलं. नवं सिमेंट गटागटा पाणी प्यायलं आणि काळं झालं. कानाच्या टोकावरून एक थेंब खाली पडला.

बाटलीत अजून पाणी होतं. ज्ञानूनं ते दोन खाचांच्या मेंढीवर ओतलं. मग तिच्या मागच्या, टोक उडवलेल्या कानाच्या मेंढीवर. मग भोकवालीवर.

"अगं, ती मेंढरं पन्नास वर्षांची जुनी हायेत," खालून आबा म्हणाले. "त्यांना कशाला पाणी?"

ज्ञानूनं बाटली हलवून पाहिली. ती रिकामी झाली होती आणि चार मेंढ्या राहिल्या होत्या. ती परांचीवरून उतरली आणि बाटली भरायला नळाकडे गेली.